जोडीनं संमेलनाला : परभणीच्या रसिकांची पायवाट, रूळ आणि धावपट्टी



आजचा विषय ऐकायला थोडा हलका वाटेल. नवरा-बायको, किंवा दोन मित्र, दोन मैत्रिणी, आपल्या आवडत्या लेखकाला बघायला, ऐकायला दूरच्या गावी जातात. बॅग भरतात, तिकीट काढतात, हल्ली विमानानंही जातात. याला इतिहास म्हणायचं का? मी म्हणतो, म्हणायचं. साहित्य संमेलनांचा इतिहास आपण आजवर व्यासपीठाच्या बाजूनं लिहिला. अध्यक्ष कोण, भाषण काय, ठराव किती, वाद कोणता. मंडपात बसलेला माणूस तिथंवर आला कसा, कुणाच्या सोबतीनं आला आणि घरी कोण राहिलं, हे आपण फारसं विचारलेलं नाही. आज तेवढंच विचारायचं आहे, आणि ते परभणी जिल्ह्यात उभं राहून विचारायचं आहे. कारण परभणीला विमानतळ नाही. इथल्या माणसाला विमानानं जायचं तर आधी नांदेड, नाहीतर छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट हैदराबाद गाठावं लागतं. दूर राहणाऱ्यालाच प्रवासाची किंमत नीट कळते, म्हणून हा जिल्हा या प्रश्नासाठी योग्य आहे.

आधी जरा बाहेर नजर टाकू. चाहत्यांनी स्वतः जमवलेला मेळावा, ज्याला आज तरुण मुलं ‘कन्व्हेन्शन’ किंवा नुसतं ‘कॉन’ म्हणतात, त्याची एक ठळक खूण म्हणजे १९३९ साली न्यूयॉर्कला भरलेलं पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन. माणसं किती? दोनशेच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या बारशाला जमतात तेवढी. या मेळाव्याला लॉस एंजेलिसहून एक जोडी आली होती. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस. दोघांनी भविष्यकाळातले वाटावेत असे कपडे घातले होते. आज जगभर चाहते पात्रांचे वेश करून मिरवतात, त्या प्रथेचा उगम या दोघांपाशी सांगितला जातो. आता गंमत बघा. पुढं अनेक वर्षं नाव घेतलं गेलं ते अ‍ॅकरमनचं. ते दोन्ही पोशाख शिवले होते मर्टलनं. शिवणाऱ्या हाताचं नाव इतिहासात यायला फार उशीर लागला. हा मुद्दा लक्षात ठेवा. आपल्याला परत लागणार आहे.

आणखी एक जोडी. १९५७ साली हेच जागतिक संमेलन पहिल्यांदा अमेरिका खंडाबाहेर, लंडनला भरलं. डेव्हिड काइल आणि रूथ लँडिस यांचं त्याच वर्षी लग्न झालं होतं. त्यांचा मधुचंद्र म्हणजे लंडनच्या संमेलनाचा विमानप्रवास, आणि बरोबर पन्नासहून जास्त मित्र आणि नातेवाईक! लग्नाचं वऱ्हाडच म्हणा ना. आपल्या विषयाचं सगळं सूत्र या एका प्रसंगात आहे. विमान, चाहत्यांचं संमेलन आणि जोडीदार.

आता घरी येऊ. मराठीत या प्रकारचा मेळावा कोणता? माझ्या मते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. कुणी म्हणेल, ते तर साहित्यिकांचं. सुरुवातीला तसंच होतं. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं पुण्यात जी सभा भरली तिचं नावच ग्रंथकारांची सभा. म्हणजे ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांनी यावं. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारलं. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही तिथं आम्ही कशाला यावं, असा त्यांचा रोख होता. म्हणजे संमेलनात कोण येतं आणि कोण येत नाही हा प्रश्न पहिल्या दहा वर्षांतच उभा राहिला. तो आजचा नाही.

पुढं हळूहळू ग्रंथकारांच्या मागं वाचक आले. वाचकांसाठी पुस्तकांची दुकानं लागली. मग कविसंमेलनाला रात्र रात्र बसणारे श्रोते आले, सही घेणारी पोरं आली. आज मंडपात लेखकांपेक्षा वाचक कितीतरी जास्त असतात. कागदावर ते साहित्यिकांचं संमेलन आहे, प्रत्यक्षात ते रसिकांचं आहे. म्हणून मी त्याला चाहत्यांचं संमेलन म्हणतो आणि त्यात काही कमीपणा मानत नाही.

पण परभणीच्या मातीत याहून फार जुना एक मेळावा आहे. गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव. गोदावरीच्या काठावरचं. जनाबाई पंढरपूरला नामदेवांच्या घरी राहिली, राबली, आणि अभंग रचले. नामदेवांचं मूळ गाव नरसी असं परंपरा मानते. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण हिंगोली १ मे १९९९ ला वेगळी झाली. त्याआधी नरसीसुद्धा परभणी जिल्ह्यातच होती. म्हणजे मराठीतल्या दोन मोठ्या संतकवींची गावं एकाच जिल्ह्यात!

वारी हा भक्तीचा सोहळा आहे, त्याला मी चाहत्यांचा मेळावा म्हणून खाली आणत नाही. पण प्रवासाच्या इतिहासात तिचं स्थान बघा. वारीला तिकीट नाही, निमंत्रण नाही, आरक्षण नाही. कविता पाठ असणारे हजारो लोक एका ठिकाणी चालत जातात आणि चालता चालता ती कविता म्हणतात. आणि वारीत बायका आहेत. नवऱ्याबरोबर आहेत, नवऱ्याशिवायही आहेत. डोक्यावर तुळस घेऊन चालणारी बाई घरी कुणाला विचारत बसत नाही, कारण वारीला नाही म्हणण्याची कुणाची छाती नसते. म्हणजे पायी जाण्याच्या काळात सामान्य घरातल्या बाईला कवितेच्या मेळाव्याला जायची एक वाट होती. मग रेल्वे आली, शिक्षण आलं, छापलेलं पुस्तक आलं, नव्या पद्धतीचं संमेलन आलं. आणि त्या संमेलनात मात्र सुरुवातीला बाई दिसेनाशी झाली. प्रगती सरळ रेषेत जात नाही, ती अशी.

आता रूळ. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशनं त्यावरची. रूळ अरुंद, आणि मनमाडला मुंबईकडचे रूळ रुंद. म्हणजे परभणीचा माणूस पुण्या-मुंबईला निघाला की मनमाडला उतरणार, सामान उचलणार, दुसऱ्या गाडीत बसणार. उलट हैदराबादकडे मात्र एकाच गेजवरून सरळ रस्ता. राज्यही निजामाचं, राजधानीही हैदराबाद. रुळांनीच सांगितलं होतं की तुमचं तोंड कुणीकडं आहे ते.

आणि १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादलाच भरलं. अध्यक्ष ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षण उर्दूतून. अशा ठिकाणी मराठीचं संमेलन भरणं ही मराठवाड्याच्या माणसासाठी नुसती करमणूक नव्हती. आपली भाषा बोलणारे एवढे लोक आहेत हे डोळ्यांनी बघायची ती संधी होती. चाहत्यांच्या प्रत्येक मेळाव्याचा गाभा हाच असतो, मंडळी. लेखक बघायला जातो असं आपण म्हणतो, पण तिथं गेल्यावर आपल्यासारखेच दुसरे दिसतात आणि जीव भांड्यात पडतो.

याच परभणीत बी. रघुनाथ होते. भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३, सातोना गावचा. शिक्षणासाठी हैदराबाद, नंतर निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी. कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ मध्ये, वयाची चाळिशी जेमतेम गाठून, परभणीतच गेले. आज त्यांच्या नावानं या गावात सभागृह आहे, महोत्सव होतो. पण त्यांच्या हयातीत मराठी साहित्याचं केंद्र पुणं-मुंबई, आणि हे गाव त्या केंद्रापासून एका गेजच्या अंतरावर. गेज म्हणजे नुसती रुळांची रुंदी नव्हे. कोणता लेखक कुणाच्या कानावर पडणार हेही त्यानं ठरत होतं.

स्वातंत्र्यानंतर, मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर, १९५७ ला औरंगाबादला संमेलन झालं. अध्यक्ष अनंत काणेकर. त्यानंतर मराठवाड्यात पुढचं अखिल भारतीय संमेलन थेट १९८३ ला अंबाजोगाईला, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. मध्ये सव्वीस वर्षं! या काळात संमेलनं ग्वाल्हेरला झाली, भोपाळला झाली, रायपूरला झाली, हैदराबादला पुन्हा झाली. मराठवाड्याच्या वाचकानं सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या गावाला जायचं होतं.

आता जोडीचं बघू. या काळातली संमेलनाच्या इतिहासातली सगळ्यांत सुंदर जोडी म्हणजे कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे. दोघंही विदर्भातले. आत्माराम रावजी देशपांडे हे अनिलांचं नाव. त्यांचा दोघांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावानं पुस्तकरूपात आला, तो अनेकांनी वाचला असेल. १९५८ ला मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष अनिल. आणि १९६१ ला ग्वाल्हेरच्या अध्यक्ष कुसुमावती. पती आणि पत्नी, दोघंही अध्यक्ष, असं हे एकमेव उदाहरण. कुसुमावती या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. १८७८ पासून मोजा. त्र्याऐंशी वर्षं लागली. आणि त्याच वर्षी, १९६१ च्या नोव्हेंबरात, त्या गेल्या.

त्यानंतर दुर्गा भागवत १९७५ ला कराडला, शांता शेळके १९९६ ला आळंदीला, विजया राजाध्यक्ष २००१ ला इंदूरला, अरुणा ढेरे २०१९ ला यवतमाळला, तारा भवाळकर २०२५ ला दिल्लीला. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत सहा जणी. व्यासपीठावर जर हे प्रमाण, तर मंडपातलं काय असेल याचा अंदाज करा. व्यासपीठाची यादी छापली जाते, मंडपाची कुणी छापत नाही. म्हणून मंडपाचा इतिहास आपल्याला घराघरांतून गोळा करावा लागणार आहे.

बाई संमेलनाला का जात नव्हती? आवड नव्हती म्हणून? अजिबात नाही. अडचणी साध्या होत्या. परगावी चार-पाच रात्री राहायचं. मुक्काम शाळेच्या वर्गात किंवा ओळखीच्या घरी. न्हाणीघराचा प्रश्न. घरी लेकरं, म्हातारी माणसं, गोठ्यात जनावरं. दोघंही गेले तर धार कोण काढणार? तेव्हा हिशेब सोपा होता : एकानं जायचं आणि ते एक म्हणजे पुरुष. तो परत येताना पुस्तकं आणायचा आणि ती घरी बसून तीच पुस्तकं वाचायची. कितीतरी घरांत खरी वाचक ती होती, पण प्रतिनिधी म्हणून नाव त्याचं होतं. मर्टल डग्लसचं मी मघाशी बोललो ते यासाठी.

म्हणून १९९५ चं महत्त्व. त्या वर्षी संमेलन परभणीला आलं. अध्यक्ष नारायण सुर्वे. गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलेलं पोर, शाळेत शिपाई, मग शिक्षक, मग ‘माझे विद्यापीठ’ लिहिणारा कवी. ग्रंथकारांच्या सभेपासून निघालेलं संमेलन सुर्व्यांपर्यंत आलं, आणि तेही परभणीत. फुल्यांनी विचारलेल्या प्रश्नाला हे अर्धंमुर्धं का होईना, उत्तर होतं.

आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीनं मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. संमेलन गावातच आलं की प्रवासाचा हिशेब बदलतो. मुक्काम नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालम, कुठूनही एसटीनं यायचं आणि रात्रीच्या गाडीनं परतायचं. म्हणजे घरातल्या दोघांनाही जाता येतं. जवळचं संमेलन जोडीचं होतं, दूरचं संमेलन एकट्याचं होतं. हा नियम मी कुठल्या पुस्तकातून काढलेला नाही, साध्या व्यवहारातून काढला आहे. कुणी खोडून दाखवावा.

आणि सुर्व्यांच्या जोडीदाराचंही सांगायला हवं. कृष्णाबाई सुर्वे. त्यांचं आत्मकथन आहे, नाव ‘मास्तरांची सावली’. नावातच बघा. कवीच्या मागं उभी राहिलेली बाई स्वतःला सावली म्हणते आणि ते म्हणतानाच स्वतःचं पुस्तक करते. सुर्वे मास्तरांची कविता ज्या संसारात उभी राहिली तो संसार कुणी ओढला, हे त्या पुस्तकामुळं कळतं. ते नसतं तर आपल्याकडे अध्यक्षांचं नाव राहिलं असतं आणि सावली उन्हाबरोबर गेली असती.

आता विमानाकडे येऊ. हैदराबाद संस्थानाची स्वतःची विमान कंपनी होती, डेक्कन एअरवेज. बेगमपेठहून तिची विमानं उडायची. १९५३ ला देशातल्या खासगी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पण ती चैन नवाब, अधिकारी, व्यापारी यांची. कवितेसाठी कुणी विमानात बसेल हे परभणीच्या माणसाला स्वप्नातही आलं नसेल.

ते स्वप्न एकदम अंगावर आलं २००९ ला. साहित्य महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी घटक संस्थांमध्ये फिरतं, आणि त्या वेळी ते मराठवाड्याकडे, औरंगाबादला होतं. संमेलन अमेरिकेत घ्यायचं असं ठरू लागलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. शेवटी वाट अशी निघाली की विश्व मराठी साहित्य संमेलन वेगळं भरवायचं. ते २००९ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला झालं. अध्यक्ष गंगाधर पानतावणे, ‘अस्मितादर्श’चे संपादक, औरंगाबादचे. नेहमीचं संमेलन महाबळेश्वरला झालं. पुढं विश्व संमेलन २०१० ला दुबईला मंगेश पाडगावकरांच्या अध्यक्षतेखाली, २०११ ला सिंगापूरला महेश एलकुंचवार यांच्या अध्यक्षतेखाली झालं. टोरांटोचं ठरलं आणि बारगळलं. २०१५ ला अंदमानात पोर्ट ब्लेअरला झालं, अध्यक्ष नांदेडचे शेषराव मोरे.

या वादात दोन्ही बाजूंकडे खरं काहीतरी होतं. विरोध करणारे म्हणत, वाचक जिथं आहे तिथं संमेलन हवं. ज्वारीच्या शेतात राबून पुस्तक विकत घेणारा वाचक सॅन होजेला कसा येणार? पासपोर्ट, व्हिसा, लाखांत खर्च. बाजू घेणारे म्हणत, परदेशातला मराठी माणूस हाही वाचकच आहे. तो दर वेळी इकडे यायचा, एकदा तुम्ही तिकडे जा. १९८१ ला शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून उत्तर अमेरिकेतली मराठी कुटुंबं दर दोन वर्षांच्या आसपास अधिवेशन भरवतात. ती जोडीनं, लेकराबाळांसकट विमानानं या शहरातून त्या शहरात जातात. त्यांच्या दृष्टीनं विमानानं संमेलनाला जाणं म्हणजे आपल्या दृष्टीनं एसटीनं परभणीला येणं. वाहन तेच, पण एकाची चैन ही दुसऱ्याची सवय असते.

मला या वादात एक गोष्ट खटकते. विरोध करणाऱ्यांनी आणि बाजू घेणाऱ्यांनी दोघांनीही ‘वाचक’ हा शब्द एकवचनी आणि पुल्लिंगी वापरला. तो येणार, तो जाणार. ती येणार का, हे कुणी विचारलं नाही.

मग घुमान. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव. नामदेव तिथं राहिले असं परंपरा सांगते आणि त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्ये तीन दिवस तिथं अखिल भारतीय संमेलन झालं, अध्यक्ष सदानंद मोरे. नरसीचा माणूस सातशे वर्षांपूर्वी जिथं पायी पोहोचला तिथं त्याचे वाचक खास रेल्वेनं आणि काही विमानानं पोहोचले. परभणीच्या माणसाला तर हा रस्ता आधीच ठाऊक होता, कारण नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीच्या स्टेशनावर थांबते. दीड दिवसाच्या आसपासचा प्रवास. शीख यात्रेकरूंसाठी सुरू झालेल्या गाडीनं मराठी रसिकाला पंजाब जवळ आणला. रूळ कुणासाठी टाकले आणि वापरले कुणी, याचा हिशेब इतिहासात नेहमी चुकतो, आणि चुकतो तेच बरं असतं.

विमानाचंही तसंच झालं. नांदेडचा विमानतळ नव्यानं उभा राहिला तो २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीमुळं. २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. देशात या योजनेतल्या पहिल्या काही मार्गांत नांदेड होतं. त्याच वर्षाच्या शेवटी अमृतसरला थेट विमान सुरू झालं. मध्ये सेवा खंडित झाली, २०२४ ला पुन्हा सुरू झाली. परभणी ते नांदेड रेल्वेनं साठ-एक किलोमीटर. म्हणजे आता परभणीच्या एखाद्या जोडप्याला पहाटे घर सोडून दुपारपर्यंत दूरच्या राज्यात उतरता येतं. तिकीट मिळालं आणि विमान रद्द झालं नाही तर! हे ‘तर’ फार मोठं आहे. लहान विमानतळांवरच्या सेवा सुरू होतात तितक्याच सहज बंदही होतात.

पण सेवा चालू असते तेव्हा काय बदलतं ते बघा. २०२५ ला फेब्रुवारीत दिल्लीला संमेलन झालं. त्याआधीचं दिल्लीतलं संमेलन १९५४ चं, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, उद्घाटक पंडित नेहरू. १९५४ ला परभणीहून दिल्लीला जायचं तर मनमाडला गाडी बदलून जाण्या-येण्यातच चार-पाच दिवस जाणार. वर संमेलनाचे तीन. आठवडा गेला. नोकरदाराची रजा संपली, शेतकऱ्याची पाळी चुकली. आज सचखंडनं गेलं तरी एक दिवस-रात्र लागते. विमानानं गेलं तर घराबाहेरच्या रात्री तीन. आता आठ रात्री आणि तीन रात्री यातला फरक कुणाला सगळ्यांत जास्त पडतो? ज्याच्या गळ्यात घर आहे त्याला. म्हणजे तिला. तीन दिवसांसाठी सासूबाई लेकरं सांभाळतात, शेजारी धार काढतात. आठ दिवसांसाठी कुणी हो म्हणत नाही. विमानानं वेळ वाचतो असं आपण म्हणतो. मी म्हणेन, विमानानं परवानगी सोपी होते. अर्थात ज्यांच्या खिशात दोन तिकिटांचे पैसे आहेत त्यांच्यापुरतीच. ज्यांच्या नाहीत त्यांच्यासाठी जुनाच हिशेब चालू आहे : एकानं जा, एकानं राहा. ही गोष्ट विसरून विमानाचं कौतुक करणं मला जमणार नाही.

आणि एक गंमतीचा भाग, पण तोही इतिहासाचाच आहे. पुस्तकांचं वजन. संमेलनातून परत येणारा मराठी माणूस रिकाम्या हातानं येत नाही. रेल्वेत गाठोडं बांकाखाली सरकवलं की झालं. विमानात देशांतर्गत प्रवासाला साधारण पंधरा किलो सामान आणि हातात सात किलो. एक बरी कादंबरी तीन-साडेतीनशे ग्रॅमची धरा. हातातल्या सात किलोत वीसेक पुस्तकं, आणि मग अंगावरच्या कपड्यांवर परत यायचं. इथं जोडीनं जाण्याचा फायदा असा की दोघांचे मिळून चवदा किलो! पण मग घरी एकच प्रत आणायची की दोन, कुणाच्या आवडीची आणायची, यावर काट्यासमोर उभं राहून बोलणं होतं. ज्या घरात वर्षानुवर्षं पुस्तकं एकानं निवडली तिथं निवड दोघांची होते. मला हा बदल कुठल्याही ठरावापेक्षा मोठा वाटतो.

थोडं आणखी एक. २०२१ ला नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. मराठी विज्ञानकथेचं मोठं नाव. न्यूयॉर्कच्या १९३९ च्या त्या दोनशे वेड्यांना ही बातमी कळली असती तर त्यांनी टोप्या उडवल्या असत्या. प्रकृतीमुळं नारळीकरांना संमेलनाला प्रत्यक्ष येता आलं नाही. म्हणजे प्रवासाचा प्रश्न फक्त मंडपातल्या शेवटच्या रांगेचा नाही, तो अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत जातो. वय, आजार, पैसा, घर, यांतलं काहीतरी कुणाला तरी अडवत असतंच. आज दूरदर्शनवर, मोबाइलवर संमेलन दिसतं, तुम्हीही हे व्याख्यान कदाचित असंच घरबसल्या ऐकत असाल. ते चांगलंच आहे. पण शेजारच्या खुर्चीवर अनोळखी माणूस बसलेला असतो आणि तोही त्याच ओळीला दाद देतो, हे मोबाइलवर होत नाही.

आता शेवटी काम सांगतो, कारण नुसतं ऐकून उठायचं तर एवढं बोलून काय उपयोग?

तुमच्या घरी संमेलनाचे फोटो असतील. परभणीचे १९९५ चे असतील, अंबाजोगाईचे, नांदेडचे, परळीचे असतील. घुमानचे, दिल्लीचे तर मोबाइलमध्येच असतील. त्या फोटोत एखादा लेखक मध्ये असतो आणि बाजूला दोन-तीन माणसं. लेखकाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. बाजूच्या माणसांचं नाव अजून वीस वर्षांनी कुणालाच ठाऊक नसणार. फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं लिहा. तारीख लिहा. कोणत्या गाडीनं गेलात, कुठं उतरलात, तिकीट किती पडलं, कोणती पुस्तकं आणली, हे लिहा. एसटीचं तिकीट, रेल्वेचं आरक्षण, विमानाचा बोर्डिंग पास, प्रतिनिधीचा बिल्ला टाकून देऊ नका, वहीत चिकटवा.

आणि त्याहून महत्त्वाचं, जी घरी राहिली तिला विचारा. आई असेल, आजी असेल, काकू असेल. तुला जायचं होतं का? कुणाला ऐकायचं होतं? कोणतं पुस्तक तू आधी वाचलंस? हे प्रश्न आज विचारले नाहीत तर उत्तर देणारं माणूस राहणार नाही. परभणीच्या वाचकाचा इतिहास कुठल्या कपाटात तयार नाही. तो या उत्तरांतूनच लिहावा लागेल, आणि त्यात दोघांचीही नावं लागतील.

इथं थांबतो. प्रश्न असतील ते जरूर विचारा.